निळ्या ओठांची कृपा

सहारा वाळवंटातल्या तमनरासेतच्या धावपट्टीबाहेर दोन-तीनशे माणसं उन्हात ताटकळत होती. छोटं विमान उतरलं, दार उघडलं आणि सहा जण डुलत बाहेर आले. ओठ निळे, बोटं निळी, चेहऱ्यावर खुळं समाधान. सर्वांत शेवटी शेख अमास्तान उतरले. डोळ्यांखाली सगळं फडक्यात गुंडाळलेलं, पण पावलं ठणठणीत.

"वर गेलो की आधी कान उघडतात," शेख म्हणाले. "मग ओठ बधिर होतात, मग गेलेली माणसं भेटायला येतात. निळा रंग ही त्यांची खूण. ज्याला शंका आहे, त्याने जमिनीवरच राहावं."

चढण्यापूर्वी शेख प्रत्येकाला निळीत बुडवलेलं नवंकोरं फडकं बांधायला देत. निळीचा रंग अंगाला लागतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळे भक्त म्हणत कृपा, टवाळ म्हणत कापडाचा रंग. तिसरं काही असेल, असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

राइशा नर्स होती. तिचा नवरा, घाली, वारल्याला सहा महिने झाले, तरी ती रडली नव्हती. आत सगळं गोठून गेलं होतं. सासू तेहित मात्र दोनदा विमानात बसून आली होती आणि दोन्ही वेळा चार-चार दिवस अंथरुणाला खिळली होती. तिसऱ्या खेपेला हृदय थांबेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"घाली भेटतो मला तिथे," तेहित म्हणाली. "तुला काय त्याचं? तुझ्या डोळ्यांत टिपूस तरी आलं का?"

राइशा वाद घालत बसली नाही. तेहितच्या तिसऱ्या खेपेच्या दिवशी ती ड्यूटीवरून थेट धावपट्टीवर आली, निळं फडकं नाकारलं आणि सासूशेजारी बसली.

विमान चढत गेलं. कान दुखले, ओठांना मुंग्या आल्या. मग समोरच्या आसनावर घाली दिसला, हसत होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं आणि म्हणूनच ती दचकली. तिने हात पाहिले. निळीला बोटही लावलेलं नव्हतं, तरी नखं निळी होती.

रुग्ण नेणाऱ्या विमानात, आतली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे हे दाखवणारी तबकडी दर पाच मिनिटांनी वाचणं हे तिचंच काम असे. इथे त्या तबकडीवर चामड्याचा ताईत लटकत होता. तिने तो बाजूला सारला. काटा आठ हजार फुटांच्या आत हवा. तो वीस हजारांवर होता. वैमानिकाच्या तोंडावर मास्क होता. बाकीचे पेंगत होते आणि शेख खणखणीत आवाजात जप करत होते.

इथे पुरुषाच्या तोंडावरचं फडकं ओढणं म्हणजे त्याला नागवं करणं. राइशाला ना भीती वाटली ना लाज. तिने शेखांचं फडकं खाली ओढलं. त्यांच्या नाकात प्राणवायूची नळी होती. तिने ती उपसून सासूच्या नाकाशी धरली.

"खाली घे," ती वैमानिकाला म्हणाली.

"शेखना विचारा."

"ही मेली तर पोलीस तुला विचारतील."

त्याने आत हवा भरणारी कळ दाबली आणि विमान खाली घेतलं.

उतरल्यावर तिने नळी आणि झग्याखालची टाकी गर्दीसमोर ठेवली. "अशा विमानात बाहेरची हवा दाबून भरावी लागते. यांनी ती बंद ठेवली. श्वास कमी पडला की मेंदू गुंगतो, मनातली माणसं दिसायला लागतात. माझी नखं वर निळी झाली होती, आता लाल आहेत. रंग असता तर राहिला असता, तुमच्या अंगावर फडक्याचा राहतो तसा."

"म्हणजे घाली नव्हता?" तेहितने विचारलं.

"नव्हता, आई. मलाही दिसला. पण नव्हता."

पुढचे सहा जण फडकी बांधून रांगेत उभेच होते. तेहित उठून त्यांच्यापाशी गेली.

"माझा मुलगा आज दुसऱ्यांदा मेला," ती म्हणाली. "पण माझाच श्वास चोरून दाखवलेला मुलगा मला नको. सोडा ती फडकी. आणि यापुढे कुणीही काही दाखवलं, तर आधी विचारा, हे कसं केलंस?"

रांगेतल्या पहिल्या बाईने गाठ सोडली.