अकरा शिक्के

शिक्के माझ्या कपाटात होते, शाई माझी होती आणि दाबणारा हातही माझाच होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगता सांगता मी कुठेतरी परिस्थितीवर ढकलायला बघेन. माझा स्वभावच तसा आहे.

कोरियातल्या बुसान शहरामागच्या डोंगरावर आमची वस्ती. मी नाम पिलसोप, बुटांच्या कारखान्यातून निवृत्त झालो आणि गेली नऊ वर्षं इथला वस्तीप्रमुख आहे. नाव मोठं, काम हमालाचं. सरकारी नोटिसा दारोदार द्यायच्या, एकट्या म्हाताऱ्यांना तांदळाची पोती पोचवायची, थंडीतल्या कोळशाच्या यादीत त्यांची नावं घालायची. प्रत्येक कागदावर घरच्याचा शिक्का लागतो. करंगळीएवढा लाकडाचा तुकडा, टोकावर नाव कोरलेलं. वरच्या गल्लीतल्या अकराजणींनी आपापला शिक्का माझ्याकडेच देऊन ठेवला होता. "आमच्याकडे हरवेल बाई, तुम्हीच ठेवा आणि लागेल तिथे मारा," म्हणायच्या. मला त्याचा भारी अभिमान. लोक बँकेवर ठेवत नाहीत एवढा विश्वास माझ्यावर ठेवतात, असं मी बायकोला उठता-बसता ऐकवायचो.

नोव्हेंबरात डोंगरावर चढणाऱ्या छोट्या बसचे ड्रायव्हर संपावर गेले. पगार वाढवा आणि रात्रपाळी बदला, एवढ्या दोन मागण्या. रात्री साडेबाराला शेवटची बस आणून लावणारा माणूसच पहाटे पावणेपाचला पहिली बस काढतो आणि मधले चार तास डेपोतल्या फरशीवर आडवा होतो, हे त्यांच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते वाचलं. पण खाली बाजारापर्यंत चारशे बारा पायऱ्या आहेत, आणि त्या उतरून पुन्हा चढणाऱ्याला दुसऱ्याची झोप दिसत नाही.

"यांना म्हणे रात्री झोपायचंय!" टोफूवाला दुकानातून ओरडायचा. "मग आम्ही काय घुबडं आहोत? मी दोन वाजता उठतो सोयाबीन दळायला. जाऊ का मी पण संपावर?"

"जा की," माझी बायको हेरान म्हणाली. "तुझा टोफू चार दिवस नाही मिळाला तर वस्तीचं पोट तरी सुधारेल."

सगळे हसले, पण हेरानलाही राग होताच. ती एका ऑफिसात साफसफाईला जाते, पहिल्या बसने. संपात ती अंधारातच पायऱ्या उतरू लागली आणि तिसऱ्या दिवशी घसरली. गुडघा टम्म सुजला. मग तिने ड्रायव्हरांच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला, तो खालच्या गल्लीपर्यंत ऐकू गेला असेल.

पाचव्या दिवशी बसकंपनीचा एक तरुण साहेब कागद घेऊन आला. संप ताबडतोब मागे घ्यावा अशी रहिवाशांची विनंती, खाली नाव आणि सही किंवा शिक्का. "बाकीच्या वस्त्यांतून दीडशे दीडशे आल्यात," तो म्हणाला.

"आमच्याकडून दोनशे घ्या," मी म्हणालो. कुणी मागितल्या नव्हत्या. तोंडातून निघून गेलं.

दोन दिवस मी पायऱ्या तुडवल्या. लोक चिडलेले होतेच, दार उघडायच्या आत सह्या करत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला साहेब येणार, आणि नऊ वाजता माझ्याकडे एकशे ब्याण्णव. राहिली होती ती फक्त वरची गल्ली. माझे पाय भरून आले होते. एकशे ब्याण्णव आणि अकरा म्हणजे दोनशे तीन, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला आणि मी कपाट उघडलं.

दहा मिनिटांचं काम. सातवा शिक्का सिम बुनये मावशीचा होता. तिथे मी थांबलो, हे खरं आहे. मावशी एक्याऐंशीची, आणि तिचा मुलगा पे जोंगरोक हीच बस चालवतो. तो त्या क्षणी खाली डेपोच्या फाटकासमोर घोषणा देत बसला होता. मला हे माहीत होतं. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. "म्हातारीलाही बस हवीच आहे की, त्यात खोटं काय," असं मनाशी म्हणालो, शिक्क्यावर फुंकर मारली आणि दाबला. साहेबाने दोनशे तीन बघून कमरेत वाकून नमस्कार केला, कागदांसकट माझा फोटो काढला. मला बरं वाटलं.

ती यादी कंपनीने डेपोच्या फाटकावर चिकटवली. आमच्या वस्तीची सगळी पानं, संपकऱ्यांच्या तोंडासमोर. ही बातमी मला टोफूवाल्याने दिली, पोट धरून हसत.

"जोंगरोकच्या आईचा शिक्का आहे म्हणे त्यात! त्याचेच दोस्त म्हणत होते, काय रे, आईनेच तुझी रात्रपाळी मंजूर केली वाटतं! गडी लालबुंद. उठून गेला तिथून."

मीही हसलो. त्याच्याबरोबर हसलो, हे मला आजही गिळता येत नाही.

नवव्या दिवशी संप मिटला. पगार मागितला त्याच्या निम्मा वाढला, रात्रपाळी होती तशीच राहिली. वस्तीत जो तो म्हणत होता की सह्यांनी काम केलं. दोघातिघांनी माझी पाठ थोपटली. बस सुरू झाली, ड्रायव्हर खाली मान घालून ती चालवू लागले, आणि मी जोंगरोकची पाळी असली की पुढच्या बसची वाट बघू लागलो.

महिनाअखेरीस घरोघरी किमची, म्हणजे थंडीभर पुरणारं कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले. मावशीकडे दर वर्षी जोंगरोक आणि त्याची बायको आदल्या दिवशी येऊन कोबीची पोती वर चढवायचे. या वेळी हेरान तिच्या घरावरून आली आणि म्हणाली, "अहो, म्हातारी एकटीच चाळीस कोबी मिठात घालून बसलीय. उद्या धुवायला कोण आहे तिच्याकडे?"

एकदा मिठात पडलेला कोबी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं गेलो. मावशी अंगणात प्लास्टिक अंथरून मुळ्याच्या किसात तिखट कालवत होती. हात कोपरापर्यंत लाल, आणि थरथरत होते.

"जोंगरोक कुठाय?" हेरानने विचारलं.

"ड्युटी असते हो त्याला."

"आणि सुनेला? तिलाही बस चालवायला लावली का?"

मावशी नुसती हसली. हेरान कोबी धुवायला नळावर गेली, तशी ती माझ्याकडे झुकली. "प्रमुख, तो आला होता," हळूच म्हणाली. "आई, शिक्का तू मारलास का, म्हणून विचारत होता. मी सांगितलं, हो, मीच मारला. तुमचं नाव नाही घेतलं हो मी." आणि एका कोवळ्या पानात मसाला गुंडाळून तिने तो घास माझ्या तोंडात घातला.

मी चावत राहिलो. खरं सांगतो, आधी मला सुटल्यासारखं वाटलं. केवढी चांगली बाई, केवढी माया, असं वाटलं. लाज मागाहून आली, तीही हेरानने आणली म्हणून. नळ काही लांब नव्हता आणि तिचे कान तिखट आहेत.

घरी आलो, तशी ती माझ्यामागून आत आली. मग दार लावून म्हणाली, "काढा ते शिक्के."

मी काढले. तिने मोजले.

"संपावर मीही शिव्या दिल्या," ती म्हणाली. "या गुडघ्याची शपथ, पोटभर दिल्या. पण माझ्या तोंडाने दिल्या. तुम्ही म्हातारीच्या तोंडाने दिल्यात, तेही तिच्या पोराला."

"अगं, गर्दीत एक—"

"एक नाही, अकरा. उद्या त्याच्या बसमध्ये बसा आणि सांगा त्याला. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. आणि मला हळू बोलता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जोंगरोकच्या बसमध्ये चढलो. पन्नाशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं. त्याने मला पाहिलं आणि मान हलवली, बाकी काही नाही. वरच्या शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, बस पाच मिनिटं थांबते तिथे. मी त्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिलो.

"जोंगरोक, तुझ्या आईने तो शिक्का मारला नव्हता. तिला माहीतच नव्हतं. मी मारला."

"मला माहीत आहे, काका."

त्याने समोरच्या काचेतून नजर काढली नाही. "अकरा शिक्के एका ओळीत, एकाच शाईचे, सगळे सरळ. आईचा हात कापतो. तिला पाण्याचा पेला सरळ धरता येत नाही."

"मग तिच्याकडे जात का नाहीस?"

"मी तिला तीनदा विचारलं. तीनदा म्हणाली, मीच मारला." "नऊ दिवस लोकांच्या शिव्या खाल्ल्या, काका. तुमच्या टोफूवाल्याने अंगावर पाणी फेकलं. त्याचं काही नाही. बस नसली की माणूस चिडणारच, मीही चिडलो असतो. पण माझ्या आईला माझ्या रागापेक्षा तुमची भीती जास्त वाटते. हे माहीत असताना तिच्यासमोर जेवायला कसा बसू?"

"भीती?" मला चक्क राग आला. क्षमा मागायला आलेला मी, आणि मला राग आला. "अरे, माया आहे ती! नऊ वर्षं मी तिची पोती उचलतोय!"

"हो ना," तो म्हणाला. "तेच तर." मग घड्याळाकडे बघून त्याने इंजिन सुरू केलं. "उतरता ना? वेळ झाली सुटायची."

मी उतरलो आणि तणतणत घरी गेलो, मावशीचा शिक्का खिशात घातला आणि तसाच तिच्याकडे निघालो. वाटेत मी त्या पोराला मनातल्या मनात उत्तरं देत होतो. भीती म्हणे! आता मी तिला सगळं सांगेन, तिचा शिक्का तिला देईन, ती हसून म्हणेल, जाऊ द्या हो, चुकतं माणसाचं. मग तो काय बोलतो ते बघू.

मावशी किमचीचे डबे पुसत होती. मला बघून लगबगीने उठली आणि बसायला गादी सरकवली. मी बसलो नाही. शिक्का तिच्यासमोर जमिनीवर ठेवला.

"मावशी, हा आता तुमच्याकडेच असू द्या. मी जोंगरोकला सांगितलं सगळं. शिक्का मी मारला होता, तुम्ही नाही."

मी तिच्या हसण्याची वाट बघत होतो. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आधी तिने शिक्क्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग ती हळूहळू गुडघ्यांवर आली, तिखटाचे हात कपड्याला पुसले आणि दोन्ही हातांनी तो तुकडा माझ्या पायांपाशी सरकवला.

"माझं काय चुकलं, प्रमुख?" ती म्हणाली. "मी कुणालाच काही बोलले नाही हो. पोराला सुद्धा नाही सांगितलं. शपथ घेते हवी तर. थंडी तोंडावर आलीय, माझं नाव नका काढू यादीतून."

आणि तिने माझ्यापुढे कपाळ जमिनीला टेकवलं.

"नाही हो मावशी, उठा, नाही काढत नाव, मी आहे ना," मी भराभरा म्हणत राहिलो. ते म्हणतानाच माझं मला ऐकू आलं. तांदूळ माझ्या बापाचा असल्यासारखा मी अजूनही तिला अभयच देत होतो.