डाव्या कडेवरची जागा

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणायचे आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्याच्या खिशात कायम एक पितळी शंकू आणि त्याला बांधलेली पांढरी दोरी असायची. भिंत सरळ उठली का, हे गवंडी ज्या दोरीने बघतो तीच. हा त्या दोरीने माणसं बघायचा. कारखाना होता कृत्रिम पायांचा आणि पाठीत बसवायच्या मणक्यांचा. नवा पाय लावून माणूस उभा राहिला की ओळंबा त्याच्या पाठीमागे उकिडवा बसे, दोरी सोडे, एक डोळा मिटे आणि माणूस दोरीच्या दोन्ही अंगांना सारखा वाटला गेलाय का ते बघे. "अजून थोडं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. समोरचा माणूस कंटाळून खुर्चीत बसला, तरी ह्याचं 'अजून थोडं' संपत नसे.

खरं सांगायचं तर त्या दोरीने त्याचं डोकं जरा फिरवलंच होतं. रस्त्याने जाताना त्याला प्रत्येकाच्या मानेपासून एक बारीक पांढरी दोरी लोंबताना दिसायची. धुक्याच्या सकाळी तर पाय, रस्ता, पूल सगळं पुसलं जाई आणि नुसत्या दोऱ्या तेवढ्या हलत राहत, वर कुणीतरी त्या धरल्यासारख्या. पुलावर उभं राहून तो मनातल्या मनात एकेकाला सरळ करत बसे. कुणाचा खांदा उचल, कुणाची कंबर आत घे. कामावर पोचायला उशीर होई तो ह्यामुळे, आणि साहेबाला सांगायची ती थाप वेगळीच असे.

अशा ह्या माणसाने सरळ केलं नव्हतं असं एकच माणूस होतं. त्याची ताई.

ताई त्याच्याहून बरीच मोठी. आई कामावर जायची, त्यामुळे त्याला सांभाळलं ते ताईनेच, आणि सांभाळलं म्हणजे अक्षरशः उचलून. डाव्या कडेवर हा आणि उजवा हात कामाला मोकळा, अशी ती घरभर फिरायची. तो चालायला लागला तोच मुळी उशिरा. "वाहन दारात असताना पायी जातंय कोण?" असं ती अजूनही चारचौघांत त्याला चिडवायची. तिने लग्न केलं नाही. टेकडीच्या उतारावर एक मोठी रोपवाटिका होती, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेली, आणि सगळ्यात वर एक काचघर. तिथली रोपं हिच्या हाताखाली वाढायची, आणि काचघरामागच्या एका खोलीत ही राहायची. झाडांशी तिचं जेवढं बोलणं होई, तेवढं माणसांशी होत नसे.

त्या काचघरातली लोखंडी मांडणी एके दिवशी कुंड्यांसकट तिच्या उजव्या पायावर कोसळली. गुडघा वाचला, खालचं काही वाचलं नाही.

ओळंबा तेव्हा खूप रडला आणि मग कामाला लागला. त्याने जिवाचं रान करून तिच्यासाठी एक घोटा बनवला. साधा नव्हे. आत तेलाची एक चिमुकली कुपी आणि दोन स्प्रिंगा. पाऊल पायरीवर पडलं की पायरीएवढा वाकायचा, उतारावर उताराएवढा. कारखान्यात इतरांनी तो लावून पाहिला. एक निवृत्त टपालवाला तर तो लावून जिना चढला, उतरला, पुन्हा चढला आणि परत द्यायला तयार होईना. साहेबाने बाकावर उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना तो घोटा मानवला, आणि जिच्यासाठी तो केला तिला तेवढा मानवेना.

ताई उभी राही, पाऊल टाके आणि डावीकडे झुके. "कुणीतरी मला उजवीकडून ढकलतंय रे," ती म्हणायची. तो दोरी सोडायचा. कंबर अगदी पाण्यासारखी समतल, घोट्यावरच्या धातूच्या नळीची लांबी बेतून ती त्यानेच तशी आणली होती. पण मानेपासूनची दोरी मात्र भलतीकडे जाऊन लोंबायची. घोडं नेमकं कुठे अडतंय ते त्याला कळेना. त्याने गुडघ्याखालचा भाग ज्यात बसतो ते सॉकेट दोनदा बदललं, दोन्ही पायांत एकाच उंचीचे बूट घालायचे अशी तंबी दिली आणि शेवटी तिच्या पाठीचा एक्स-रे काढवला. पाठीचा कणा मधोमध एका बाजूला वळलेला निघाला.

"सापडलं!" तो ओरडला. दोष पायात नव्हताच, पाठीत होता.

आता पाठीचं काम कारखान्यात मणकेबाईंकडे. ह्या बाईंनी उभं आयुष्य एका साखळीपायी घालवलं होतं. पूर्वी वाकडी पाठ सरळ करायला आत सळई घालत, आणि माणूस सरळ होई पण ताठून जाई. बाईंनी सळईऐवजी टायटॅनियमच्या मण्यांची साखळी केली होती. ठरलेल्या मर्यादेपर्यंत वाकणारी आणि तिथे घट्ट थांबणारी. चहा पिताना ती साखळी त्यांच्या बोटांमधून सारखी फिरत असे.

"मापाची करून देते, ओळंबेराव," बाई म्हणाल्या. "पण पाठ उघडायची म्हणजे पोरखेळ नाही. तुमच्या ताईला पाठीचा त्रास आहे का कधी?"

"त्रास नाही. पण वाकडी आहे ना!"

"वाकडी तर माझी सासूपण आहे," बाई म्हणाल्या, आणि माप घ्यायला लागल्या.

सर्जननेही धोका सांगितला. बरेच तास लागतील, वय झालंय, पाय बधिर होऊ शकतात, राहिलेलासुद्धा. पण दुसरीकडे वेळही नव्हता. रोपवाटिकेचा मालक माणूस चांगला होता, पण रोपांना थांब म्हणता येत नाही. हंगामाच्या आत ताई पायऱ्या चढू लागली तर ठीक, नाहीतर नवीन माणूस येणार आणि ती खोली त्याला जाणार. मग ताई भावाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. "काही हरकत नाही," ती म्हणाली होती. "खिडकीत बसेन. तू येता-जाता पाणी घालत जा." हसत म्हणाली होती.

ऑपरेशनचं विचारलं तेव्हा तिने एक्स-रे उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "तुला वाटतंय ना? मग होऊ दे."

लहानपणापासून तिने त्याला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्याला ते तेव्हाच टोचायला हवं होतं, पण तो दोरीच्या नादात होता.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तो तिला दवाखान्यात न्यायला गेला. खाली धुकं उतरलेलं होतं. पायऱ्या चढताना दोन्ही अंगांची रोपं एकेक करून समोर येत आणि मागे विरून जात. आवाज असा कसला नव्हता, कुठेतरी पाणी तेवढं ठिबकत होतं. वर काचघर आतल्या उबेने पार धुरकटलेलं. तो दारापर्यंत पोचला आणि तिथेच थबकला.

काचेपलीकडे एक बाई चालत होती. तिच्या डाव्या कडेवर मूल होतं.

चेहरा दिसत नव्हता, नुसती आकृती. डावी कंबर बाहेर काढलेली, त्यावर मूल टेकलेलं, त्याचं डोकं तिच्या खांद्यावर कललेलं. ती संथपणे, लयीत, मांडण्यांच्या मधून येत होती. वळत होती, वाकून काही उचलत होती, पुन्हा चालत होती. ओळंब्याला एक क्षण असं वाटलं, की त्या मुलाच्या डोळ्यांनी आपल्याला हे सगळं उंचावरून दिसतंय. तिच्या केसांची ओल, गालाला टोचणारी तिच्या ब्लाउजची शिवण, खाली झुलत जाणारी जमीन. किती वेळ तो तसा उभा होता कोण जाणे. आपण मोठे झालो आहोत हे त्याला आठवतच नव्हतं.

मग त्याने बाहीने काच पुसली. मूल नव्हतं. नेच्याची एक मोठी कुंडी होती आणि तिची पानं ताईच्या खांद्यावर लवली होती.

आणि ताई चालत होती! काठी नाही, आधार नाही.

त्याने धाडकन दार उघडलं.

"दार लाव आधी, गार हवा येतेय," ताई म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून तिने कुंडी खाली ठेवली. "रागावू नकोस हं. सकाळी चिखल होता. डावा गमबूट घातला. उजवा तर मांडणी पडली त्या दिवशी दवाखान्यात कापूनच काढला होता. मग काय करणार, उजव्यात ही जुनी सपात सरकवली. तू सांगितलं होतंस सारखेच बूट घाल म्हणून, माहितीये मला. आता काढते."

ओळंब्याने खाली पाहिलं. डाव्या पायात जाड तळाचा गमबूट. उजव्यात, त्याच्या त्या अजब घोट्याखाली, झिजून कागद झालेली सपात. उजवा पाय डाव्यापेक्षा करंगळीच्या जाडीएवढा आखूड झाला होता.

"काढू नकोस!" तो किंचाळलाच. "सकाळपासून चालतेयस?"

"खाली दोनदा जाऊन आले. का रे, वाईट झालं का काही?"

"ती कुंडी पुन्हा घे. नाही, राहू दे. तशीच उभी राहा. तशीच."

तो तिच्यामागे ओल्या जमिनीवर उकिडवा बसला आणि दोरी सोडली. पितळी शंकू डुलला आणि थांबला. वर मानेच्या मधोमध. खाली दोन्ही पावलांच्या मधोमध. दोरी दोन्हीकडे इमानाने उभी होती. मध्ये कंबर तेवढी डावीकडे गेली होती, आणि दोरीपासून तिथवर एक जागा मोकळी सुटली होती. लहान मूल बसेल एवढी.

इतकी वर्षं हा शहाणा सगळ्यांच्या कंबरा समतल करत आला होता. हिचीही केली होती. हिची ती जागाच त्याने खालून नळी घालून पुसून टाकली होती, आणि मग ही झुकते का म्हणून हिची पाठ फाडायला निघाला होता. तो तिथेच चिखलात बसला आणि हुंदके देऊन रडला.

"अरे, झालं काय?" ताईला मागे वळता येईना. "सांगशील का, की मी अशीच पुतळ्यासारखी उभी राहू?"

त्याने फोन काढला आणि मणकेबाईंना लावला. ऑपरेशन नको, साखळी नको, असं काहीबाही सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, तिची पाठ माझ्यामुळे वाकली. मी पायाने चालतच नव्हतो ना."

पलीकडून साखळीचे मणी बोटांत वाजल्याचा आवाज आला.

"काहीतरीच काय ओळंबेराव! मूल कडेवर घेऊन कणा असा वळत नसतो. तसं असतं तर निम्मं जग माझं गिऱ्हाईक झालं असतं. तिचा कणा उपजतच तसा असणार."

"मग?"

"मग काय? जागा आधीचीच होती. तुम्ही नंतर येऊन बसलात."

त्याने फोन खिशात टाकला. मग पिशवीतून करवत काढली. ती मात्र त्याच्याजवळ नेहमी असे, दवाखान्यात जायचं असो की लग्नाला. ताईला त्याने उलट्या कुंडीवर बसवलं, पाय सोडवला आणि मांडीवर घेऊन नळीचा करंगळीच्या जाडीएवढा तुकडा कापला. धातूचा भुगा ओल्या मातीवर पडत राहिला. काचांवरून थेंब ओघळत होते. ताई रोपांना हळू आवाजात काहीतरी समजावत होती, बहुधा ह्याच्याविषयीच. पाय परत जोडल्यावर त्याने मागच्या खोलीतून तिचे रोजचे बूट आणले, दोन्ही एका उंचीचे. ती उभी राहिली. तो मागे बसला आणि एक डोळा मिटला.

"अजून थोडं?" ताईने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे."

हा शब्द तिने त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. ती दार उघडून धुक्यात गेली, सावकाश तळापर्यंत उतरली आणि तिथून वळली. तो काचघराच्या दारातून धावत खाली आला, पडली तर धरायला. पण ती पहिल्या पायरीवर नुसती उभी होती, डाव्या कमरेवर हात ठेवून, त्याच्याकडे बघत. ह्याचे केस पांढरे, पोट सुटलेलं, पँटला मागे चिखल.

"चल, वर जाऊ या," ती म्हणाली. "येतोस कडेवर?"

"पेलेल तुला?"

"पाय तू केलायस. तूच सांग."

त्याने डोळे पुसले, दोरी गुंडाळून खिशात ठेवली आणि तिच्या डाव्या बाजूने पायऱ्या चढायला लागला.