दिव्याची उघडझाप

आमच्या मुलाचं नाव केरू. मी बी.एस्सी. झालेली, फिजिक्स घेऊन. कॉलेजात असताना मुलांसाठी मनात कितीतरी नावं जमवून ठेवली होती. त्यातलं एकही सासूबाईंनी चालू दिलं नाही. आधीचं मूल गेलेल्या घरात पुढच्याला चांगलं नाव द्यायचं नाही, केरकचऱ्याचं द्यायचं, म्हणजे कुणाची नजर त्याच्यावर ठरत नाही. बारशाला आलेल्या बायकांनीही माना हलवल्या. मी गप्प बसले. माझी पहिली मुलगी पाळण्यात झोपली आणि झोपेतच गेली. ताप नव्हता, खोकला नव्हता. दूध पिऊन झोपली होती. उचलायला गेले तर अंग गार. त्यानंतर कुणी मुलाचं नाव उकिरडा ठेव म्हटलं असतं, तरी मी ठेवलं असतं.

केरू दिवस भरायच्या आधीच झाला. इवलासा, म्हाताऱ्यासारखा सुरकुतलेला. झोपला की भराभर दोन-तीन श्वास घ्यायचा, मग एक लांब, मग थांबायचा. नुसता थांबायचा. मी वाकून बघत राहायची. कधी आपला आपण सुरू व्हायचा, कधी ओठ जांभळे पडायला लागायचे. मग तळपायाला टिचकी मारायची, की दचकून रडायला लागायचा. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "वजन वाढलं की जाईल हे. तोवर लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा! मी दुसरं काय करत होते? आमचं घर मिऱ्याला, समुद्राच्या अगदी अंगावर. हे मुंबईला गोदीत, सणावारी यायचे. घरात मी आणि सासूबाई. मी न्हाणीत गेले तरी दार लोटून घेत नसे. भाताला आधण ठेवायची आणि पाळण्याशी येऊन उभी राहायची, भात खाली लागून जायचा. डोळा लागला की स्वप्नात तेच गार अंग हाताला लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "येड लागंल तुला गो. मी हाय ना." पण पहिलीच्या वेळीही त्या होत्याच. हे मी बोलून दाखवलं नाही. त्यांनाही ते कळत होतंच.

अशात भाऊजी आले. यांचे थोरले भाऊ, डॉ. गुणाजी मयेकर, मुंबईच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोफेसर. वाडीत त्यांच्यासारखं शिकलेलं दुसरं कुणी नाही, आणि ते नक्की काय शिकवतात हे वाडीत कुणालाच माहीत नाही. ते आले की शेजारच्या धोंडूबाई गुडघा पुढे करून पडवीत बसायच्या.

"गुणा, एक सुई मार रे. चालवत नाय."

"काकी, मी सुईचा डॉक्टर नाय."

"मग कसला?"

"यंत्रांचा. माणसाच्या अंगाला लावतात त्या यंत्रांचा."

"मग आमच्या होडीचं इंजिन तरी बघ. ते पण म्हाताऱ्या माणसासारखंच खोकतंय."

भाऊजी हसायचे. पण मला त्यांनी एकदा सगळं नीट सांगितलं होतं, लग्न होऊन मी नवीन असताना. आधी विजेचं इंजिनिअरिंग केलं, मग मद्रासला जाऊन डॉक्टरेट. कितीतरी वर्षं हृदयाच्या ठोक्यांवर काम. ठोक्याबरोबर अंगात बारीकशी वीज उठते, ती कशी टिपायची, तिच्यातला गोंगाट कसा गाळायचा, यावर त्यांचे लेख परदेशातल्या मासिकांतही आले होते. मग आमची मुलगी गेली. तिला पोचवून ते मुंबईला परतले आणि हृदयाचं काम बाजूला ठेवून तान्ह्या मुलांच्या श्वासाच्या मागे लागले. कॉलेजातले लोक म्हणाले, मयेकर, इतक्या वर्षांनी पुन्हा पहिल्या पायरीवर कशाला जाता? भाऊजींनी ऐकलं नाही. मला हे यांच्याकडून कळलं. भाऊजी स्वतः त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

या वेळी ते एक पेटी घेऊन आले होते. पेटीला लांब रबरी नळी, नळीच्या टोकाला हवा भरलेली पातळ गादी.

"राही, ही ह्याच्या खाली घालायची," ते म्हणाले. "तो श्वास घेतो तशी गादीतली हवा इकडून तिकडे सरकते. सरकली की दिवा लागतो. सरकायची थांबली आणि थांबूनच राहिली, की घंटी. मुंबईला इस्पितळाच्या वॉर्डात कितीतरी मुलांवर वापरली. एकदाही चुकली नाही."

केरू झोपलेला होता. भाऊजींनी हलक्या हाताने गादी त्याच्या दुपट्याखाली सरकवली आणि नळी पाळण्याच्या कडेने सोडून पेटी स्टुलावर ठेवली. तांबडा दिवा लागला, विझला. लागला, विझला. मग भराभर दोनदा. मग थांबला, आणि पुन्हा लागला. अगदी केरूसारखाच. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. सासूबाईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं.

"आये, त्याच्यात कुंकू जाईल," भाऊजी ओरडले.

"जाऊ दे. तुझ्या यंत्राला पण देव लागतो."

भाऊजींना दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं, आणि तिथून दिल्लीला. तिथल्या कमिटीने यंत्र पसंत केलं तर जिल्ह्याजिल्ह्याच्या दवाखान्यांसाठी ते तयार होणार होतं. "रत्नागिरीलाही येईल," ते म्हणाले. माझं लक्ष दिव्याकडे होतं. जिल्ह्याचं मला काय? मला एका दिवसाची झोप मिळणार होती.

मिळालीही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवले, खरोखर बसून जेवले. भाऊजी बंदरावर कुणाला तरी भेटायला गेले होते. सासूबाई पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून. त्यांची ही जुनी रीत. हात सुपात, पाय पाळण्याला. सासूबाईंनी आपली सगळी मुलं अशीच वाढवली, भाऊजीही त्यातलेच. वर आढ्याला कडी कुरकुरत होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले. तिथून दिवा दिसत होता. लागत होता, विझत होता. डोळे जड झाले.

काय खुपलं ते आधी कळलं नाही. मग कळलं. दिवा फार शहाण्यासारखा वागत होता. लाग, विझ, लाग, विझ, कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. माझा केरू असा श्वास घेत नाही. जन्मल्यापासून कधी घेतला नाही. आणि कडी कुरकुरत होती ती दिव्याच्या बरोबर. कुर्र, लाग. कुर्र, विझ.

मी कशी धावले ते आठवत नाही. पाळणा धरला तर केरूचे ओठ पिकल्या जांभळासारखे. तोंड शांत. मी त्याला उचलला, तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. पाठ चोळली, हलवला, ओरडले की काय केलं कोण जाणे. सासूबाई उठायला गेल्या तर अंगठ्याची दोरी ताणली आणि सुकटीचं सूप उलटं झालं. मग कुठेतरी खोलातून एक हुंदका आला, आणि रडणं.

मी त्याला छातीशी धरून खाली बसले. माझ्यासमोर रिकामा पाळणा दोरीच्या हिसक्याने झुलत होता, आत नुसती गादी आणि दुपटं. आणि स्टुलावर दिवा लागत होता, विझत होता. रिकामा पाळणा श्वास घेत होता. घंटी गप्प.

भाऊजी आले तेव्हा मी तशीच बसलेली होते. केरूला सासूबाईंकडे दिला, उठले, आणि पाळण्याला झोका दिला. दिवा लागला. भाऊजी बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पाळणा हलवायचा नव्हता," ते पुटपुटले.

"असं सांगितलं होतंत?"

"वॉर्डात... वॉर्डात मुलं खाटेवर असतात. मुलाखेरीज काही हलतच नाही तिथे."

"आणि इथे?" माझा आवाज चढला. त्यांच्यासमोर मी कधी चढ्या आवाजात बोलले नव्हते. "तुम्ही ह्याच आढ्याखाली वाढलात ना, भाऊजी? ह्याच दोरीवर? अख्ख्या जिल्ह्यात पाळण्याशिवाय झोपणारं एक मूल दाखवा मला! तुमच्या दिव्यावर विसंबून मी डोळे मिटत होते. डोळे मिटत होते मी!"

ते खाली बसले, सांडलेल्या सुकटीतच. मग म्हणाले, "झोका काय, श्वास काय, गादीला हवा सरकण्याशी मतलब. मी ठोक्यातला गोंगाट गाळण्यात वर्षं घालवली गो. हा गोंगाट मला सुचला नाही. मला वाटलं, पाळणा म्हणजे बिछाना."

"आता?"

"खाली ठेवायचा त्याला. जमिनीवर, सपाट."

तसं करून बघितलं. चटई घातली, वर गादी, वर केरू. तो किंचाळायला लागला. सासूबाईंनी सवयीने थोपटायला हात लावला आणि दिवा थोपटण्याच्या तालावर लागू लागला. "हात काढ, आये." पाय पसरून पायांवर घेतला, तर पाय हलतातच. भाऊजींनी मान हलवली. हलवायचं नाही, थोपटायचं नाही, जवळ घ्यायचं नाही. यंत्र खरं बोलायला हवं असेल तर माझ्या मुलाला माझा हात लागता कामा नये.

"आणि यंत्र तर तुम्ही नेणार," मी म्हणाले.

भाऊजींनी पेटीवर हात ठेवला.

"नेऊ नका. पाया पडते मी तुमच्या. कसलं का असेना, ठेवा. मी हात नाही लावणार त्याला."

"राही, तिथे जाऊन दाखवू काय मग?"

"दुसरं असेल ना एखादं?"

"आहे. वॉर्डात एका मुलीच्या खाली आहे. ते काढून नेऊ?"

मी 'हो' म्हणणार होते. तोंडात आलं होतं. तिची आईही कुठेतरी भिंतीला टेकून दिव्याकडे बघत असेल, हे मनात आलं तरीही म्हणणार होते. केरू रडून रडून उसासे टाकायला लागला आणि तेवढ्याने मी वाचले.

सासूबाईंचा हात पुन्हा दोरीकडे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला, पुन्हा गेला. मी म्हणाले, "आई, पाळणा सोडायला हवा. तो टांगलेला आहे तोवर आपण त्याला त्यातच घालणार."

"नाय," त्या म्हणाल्या. "तेवढं नाय. मूल रांगायच्या आधी पाळणा सोडायचा नसतो. मागच्या खेपेला मी ह्या हातांनी सोडला, तो कशापायी ते इसरलीस?"

कोण विसरेल? बाहेर उन्हं उतरली होती. केरू चटईवर एकटाच उसासत होता, मुठी हवेत, आम्ही तीन मोठी माणसं भोवती हात आवळून बसलेलो. थोड्या वेळाने सासूबाई उठल्या, स्टुलावर चढल्या आणि कडीतून पाळणा सोडला. खाली उतरल्यावर त्यांनी तो कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि तसाच छातीशी धरून पडवीत गेल्या.

तिन्हीसांजेला केरू थकून झोपला. भाऊजींनी पिशवी खांद्याला लावली. पेटी अजून चटईपाशी होती, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दिवा लागत होता, वेडावाकडा, भराभर दोनदा, मग लांब. मग विझला.

विझलेलाच राहिला.

माझा हात पुढे गेला आणि मीच तो मागे ओढला. भाऊजी दारात गोठून उभे. तेवढ्यात घंटी वाजली. घरभर वाजली, पडवीतून सासूबाई "अगो बाय!" करत आल्या. मी टिचकी मारली. केरू दचकला, रडला. दिवा लागला.

"वाजली," भाऊजी म्हणाले. "वाजली गो."

ते पुन्हा आत आले, पेटीच्या मागचं बटण एकदा तपासलं, बॅटरी कशी बदलायची ते मला दाखवलं. मग पिशवी उचलली. पेटी उचलली नाही.

"दिल्लीला काय सांगाल?" मी विचारलं.

"पाळण्याचं सांगेन."

"मग ते नाहीच म्हणतील."

"म्हणतील. मग परत पहिल्या पायरीवर." ते चप्पल शोधत होते, समोर असून त्यांना दिसत नव्हती. "रिकामा पाळणा हलला तरी दिवा लागणार नाही असं यंत्र होईपर्यंत कुठे पाठवायचंच नाही म्हणून सांगेन. आये, येतो."

सासूबाई पुन्हा पडवीत पाळणा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, दोरी बोटांना गुंडाळत.

गाडीचा आवाज बंदराच्या वळणावर विरला. केरू पुन्हा झोपला आहे. झोपेत त्याचं तोंड वाकडं होतं, खालचा ओठ थरथरतो, कुशीत घ्यावंसं वाटतं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले आहे. दिवा लागतो. विझतो. लागतो. थांबतो.

मी थांबते.