जाळीपलीकडून

“डोळे आहेत की बटणं? हे बघ.” सासूबाईंनी काठीने तारेच्या जाळीखालचं भगदाड दाखवलं. ओल्या मातीत खुरांचे ठसे आत गेले होते. बाहेर एकही आला नव्हता.

सून ठशांपाशी वाकली. याच कुंपणावर डुकराने सासऱ्यांची मांडी फाडली होती. ते घरी परतलेच नाहीत. तेव्हापासून डुकरांना जंगलाबाहेर ठेवणारी ही जाळी राखायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं आणि सुनेला हाताशी धरलं. कधीकाळी पाळणाऱ्यांच्या हातून सुटून रानटी झालेली ही डुकरं झाडांची मुळं उकरत. मुळं गेली की उताराची माती सुटते. मागच्या पावसात पलीकडचा उतार खालच्या घरांवर येऊन बसला होता. या उताराखाली त्यांचं घर होतं. घरात पोरं होती.

“शिकाऱ्यांना बोलवू या, आई.”

“ते उद्या उगवतील. तोवर डुकरं काय जप करत बसतील? मी आतून हाकलते. बाहेर पडली की भोक आवळायचं. मी आत असले तरी.”

“आणि तुम्ही?”

“मला फाटक माहीत नाही? काल आलेली नवरी आहे का मी?”

सासूबाई काठी-डबा घेऊन भगदाडातून आत शिरल्या आणि धुक्याने त्यांना गिळलं. मग डबा बडवल्याचा आवाज आला, डुकरांच्या किंकाळ्या आल्या, आणि डुकरीण पिलांसकट भोकातून उधळली. सुनेने पकडीने तार पिळली. शेवटचा पीळ बसतोय तोच आतून, अगदी जवळून, जाड घुरघुर आली. नर आतच होता.

तिने पक्कड पुन्हा तारेला लावली.

“उघडलंस तर याद राख! ती सगळी परत आत घुसतील. या एकट्याला उद्या बघतील शिकारी. फाटकाकडे चाल.”

अलीकडे सून, पलीकडे सासूबाई, मधे जाळी आणि झुडपं. दिसत काहीच नव्हतं. सासूबाईंची टकळी चालू होती, तोवर सुनेचे पाय चालले. मग टकळी बंद पडली. नुसत्या फांद्या मोडत होत्या.

“आई?”



सून जिवाच्या आकांताने ओरडली, “तुमच्या हातच्या भाजीला चव नसते! लग्न झाल्यापासून मुकाट गिळतेय मी!”

फांद्या मोडायच्या थांबल्या.

“घरी... घरी चल. मग बघते तुला.”

आवाज थरथरत होता. सासूबाईंचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. आत्ताही ती थरथर ऐकूच आली नाही असं दाखवून, ती भाजीला मोठमोठ्याने नावं ठेवत फाटकाकडे चालू लागली.