शून्य वस्तीचा चौकोन

लाट पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्यापाशी उठायची आणि संगणकात साडेचार तासांनी मुंबईला टेकायची. मग ती खाडीत शिरायची, पुलांखालून आत आत सरकायची, आणि सरिता पन्नास-पन्नास मीटरच्या चौकोनांत तिचं पाणी मोजत बसायची. दोन हजार चारच्या डिसेंबरात पूर्व किनाऱ्यावर त्सुनामीने जे झालं, त्यानंतर तिच्या संस्थेला हे काम मिळालं होतं. प्रत्येक चौकोनाला तीन आकडे होते: जमिनीची उंची, पाण्याची खोली आणि वस्ती. जिथे पाणीही आणि वस्तीही, तिथे इशाऱ्याचा भोंगा बसणार होता, पळायची वाट आखली जाणार होती. चौकोन ४११७ खाडीच्या बांधाला लागून होता. उंची सव्वा मीटर, पाणी अडीच मीटर, वस्ती शून्य. त्याच्यावर तिची नजर कधी ठरली नव्हती.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत ती टोकावड्याजवळच्या आपल्या गावी आली आणि टेकडीवरच्या कातकरवाडीत तानीला भेटायला गेली. चौथीपर्यंत दोघी शाळेत शेजारी बसत. वाडीत प्रत्येक दाराला बाभळीची काटेरी फांदी लावून घरं बंद केलेली होती. तानीची सासू गिरजा तेवढी कुडाला टेकून बसली होती.

"तानी कुठाय आजी?"

"कुटं असल? वीटभट्टीला. दिवाळीला टरक आला नि घेऊन गेला. आता पावसाच्या तोंडाला येतील."

"सगळीच गेली?"

"मी ऱ्हायले ना कोंबड्या राखाया. कोंबड्या कुत्र्यानं खाल्ल्या. आता कुत्रा राखते."

"कुठली भट्टी?"

"खाडीची. पूल सोडला का वळणावर, बांधाच्या खाली. माझा ल्योक लखमा सांगतो, उधाणाला पाणी पार चुलीशी येतं. भातात मीठ घालाया नको."

सरिता उभी होती ती खाली बसली. ते वळण तिला माहीत होतं: चौकोन ४११७.

"किती माणसं आहेत तिथे?"

"मला काय मोजता येतं गो? गुरुजींना इचार. त्यांनी लिवलीत आमाला समदी."

गुरुजी म्हणजे सरिताचे वडील, देवराम. दोन हजार एकची या भागाची जनगणना त्यांच्याकडे होती. दुपारी जेवताना तिने विचारलं, तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही.

"तेव्हाही फेब्रुवारीच होता. वाडीत एकटी गिरजा. जो सगळा वेळ बाहेर, त्याला जिथे सापडेल तिथे मोजायचं, असा नियम. पण भट्टीवर कोण मोजणार? मालक माणसाला फाटकातूनच परत पाठवतो. मग ही माणसं कुठेच आली नसती. गिरजा नावं सांगत गेली, मी लिहीत गेलो. अडुसष्ट झाली."

"बाबा, तुम्ही त्यांना दोनशे मीटर उंचीवर बसवलंत. उद्या लाट आली तर माझ्या हिशेबात ती सुखरूप आहेत."

"मग तुझा हिशेब बदल."

"त्याला कागद लागतो."

कसला कागद ते त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावरच्यासारख्या सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहून दिलं की, नोंदीच्या काळात वाडीत एकच व्यक्ती हजर होती, बाकीची नावं मी ऐकून भरली.

परतताना सरिता भट्टीवर गेली. मुकादमाने तिला फाटकाशीच अडवलं.

"इथं कोणी ऱ्हात नाय, म्याडम. कामाला येतात नि जातात."

त्याच्या पाठीमागे तट्ट्यांच्या खोपटांवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. तिने खोपटं मोजली. चौदा.

तिच्या साहेबांनी देवरामांचा कागद पुढे पाठवला. काम झालं, पण अर्धंच. वाडीची वस्ती अडुसष्टवरून एकवर आली. भट्टीच्या मालकाकडे विचारणा गेली, आणि 'आमच्या जागेत कोणीही राहत नाही' असं शिक्क्यासह उत्तर आलं.

"सर, मी चौदा खोपटं पाहिली आहेत."

"पाहिली असतील. पण माहितीचा स्रोत म्हणून तुमचं नाव कसं लिहू? मालकाचं पत्र आहे ना आपल्याकडे."

४११७ मध्ये शून्य राहिलं. पण कागद फिरतच होता. तो तालुक्याला पोचला, तिथे वाडीच्या रेशनकार्डांची चौकशी लागली आणि नावं कमी झाली. जनगणनेत खोटी नोंद केली म्हणून देवरामांना दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा ते धुतलेला सदरा घालून गेले. ऐन लावणीच्या दिवसांत वाडीला तांदूळ मिळाला नाही. गिरजा त्यांच्या ओट्याशी येऊन बसली.

"गुरुजी, आमी घरी नव्हतो तवा होतो," ती म्हणाली. "आता घरी हाव, तर नाय."

सुट्टीवर आलेली सरिता दाराआड होती. ती बाहेर आली नाही.

दिवाळीनंतर ट्रक आला, तेव्हा मात्र ती मुद्दाम वाडीखालच्या रस्त्यावर जाऊन थांबली. तानी कडेवर पोर आणि डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन टेकडी उतरत होती.

"आलीस गो सरे? आमच्यासंगती चल, तुला विटा थापाया शिकवते."

"तानी, नीट ऐक. खाडीचं पाणी एकाएकी मागं हटलं, ओहोटी नसताना चिखल उघडा पडला, तर मासे धरायला उतरायचं नाही. सगळ्यांनी पोरं घेऊन उंचावर पळायचं."

"मुकादम सोडल तर पळू." तानीने गाठोडं ट्रकमध्ये टाकलं. "नि तिथं उंच काय हाय गो? तू नकाशे काढतीस ना, सांग की."

सरिताला त्या चौकोनाचे आणि भोवतालच्या सगळ्या चौकोनांचे आकडे पाठ होते. बांध दोन मीटर, त्याच्यावरून पाणी जाणार होतं. खोपटं त्याहून खाली. अर्ध्या किलोमीटरच्या आत पाण्याच्या वर राहणारी एकच गोष्ट होती, पाच मीटर उंचीची.

"भट्टी," ती म्हणाली.

"ती तर पेटलेली असती," तानी म्हणाली. तिने पोर लखमाच्या हातात दिलं आणि चाकावर पाय ठेवून ती वर चढली.