ठिपक्यावर ठिपका

मी एकतीस वर्षं वजनकाटे तपासायची नोकरी केली. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मला दुकानदाराच्या चेहऱ्यावरून कळायचा. बायको म्हणायची, तुम्ही स्वर्गात गेलात तरी आधी दारातल्या तराजूचं सील बघाल. ती माझ्या आधी गेली, त्यामुळे तिथल्या सीलचं आता तिलाच माहीत.

अंध मुलांच्या शाळेसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. अकरा वर्षं, आठवड्यातून दोन दुपारी. भूगोलाच्या चार सीडी तिने घरी आणल्या होत्या, स्वतःच्या चुका शोधायला. चुका नीट ऐकू यायला हव्यात म्हणून तिने दोन स्पीकर घेतले. लाकडी, उंच, जमिनीवर उभे राहणारे, माझ्या कमरेच्या वर येणारे. आमच्या घरातली सगळ्यात भारी वस्तू तीच. ती त्यांना 'दोघे जावई' म्हणायची. कोपऱ्यात उभे राहतात, रोज पुसून ठेवावे लागतात, आणि मागून चांगलं आलं तरच तोंड उघडतात.

मागून द्यायचं काम अँप्लिफायरचं. तो वीस वर्षांचा होता. त्याच्या आवाजाच्या गोल बटणाशेजारी तिने नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला होता. बटणावरची रेघ ठिपक्याला लावली की तिचा आवाज बरोबर लागायचा, म्हणजे ती समोरच्या खुर्चीत बसून वाचते आहे इतका. पुढे नाही, मागे नाही. मला यंत्रातलं कळत नसे, म्हणून ही सोय.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी तो अँप्लिफायर बंद पडला. खोलीत जळका वास आला. तिच्या धाकट्या भावाचं, माझ्या मेव्हण्याचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तो येऊन घेऊन गेला आणि चार दिवसांनी दुसराच घेऊन आला. म्हणाला की जुन्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला, तो भंगारात दिला, हा वापरा, आवाजात काडीचा फरक पडणार नाही. मी तिच्या बाटलीतलं उरलंसुरलं नेलपॉलिश घेऊन नव्या अँप्लिफायरवर अगदी त्याच जागी ठिपका दिला. जुन्याचा फोटो होता, त्यावरून कोन मोजून दिला. मोजण्यात मी चुकत नाही.

रेघ ठिपक्याला लावली आणि चौथा धडा लावला. तो धडा सुरू व्हायच्या आधी ती पाणी पिते. ग्लास टेबलावर टेकल्याचा बारीक आवाज येतो, मग ती म्हणते, "धडा चौथा. वारे." त्या दिवशी ग्लास ऐकूच आला नाही. आणि ती समोरच्या खुर्चीत नव्हती. दाराबाहेर उभी राहून वाचत होती.

मी सगळी सीडी ऐकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकली. मग मनात पाल चुकचुकली. चांगला जुना माल ठेवून घ्यायचा आणि हलका गळ्यात मारायचा, ही काय नवीन गोष्ट आहे? एकतीस वर्षं हेच तर पकडलं. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, बाबा, कान तेच राहिले नसतील, घर तेच राहिलेलं नाही. लेक रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला सगळं शरीरातच दिसतं. मी तिला म्हटलं की कानात बिघाड असता तर कुकरची शिट्टीही दाराबाहेर गेली असती.

असे सहा महिने गेले. मेव्हण्याशी मी सरळ काही बोललो नाही. तो आला की मी नुसता त्याच्याकडे बघायचो. माझ्या बघण्याने भलेभले काटा स्वतःहून उलटा करून दाखवायचे. तो चहा पिऊन जायचा.

मग एकदा दुपारी मीच त्याच्या दुकानात गेलो. शटर अर्धं वर होतं, तो जेवायला घरी गेला होता. मी आत वाकून गेलो. मागच्या फळीवर, उघड्या रेडिओंच्या पलीकडे, आमचा अँप्लिफायर होता. लाल ठिपका माझ्याकडे बघत होता. त्याचा दिवा बंद होता. मी वरच्या जाळीवर हात ठेवला. जाळी कोमट होती.

भंगारात दिलेली वस्तू कोमट कशी राहते?

मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो. तो आला, त्याने मला बघितलं, मग फळीकडे बघितलं. चोरी पकडली की माणूस आधी हसतो. तो हसला नाही, हे मी ध्यानात ठेवलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. मी त्याला जे बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्दा एवढाच होता की बहिणीचा आवाज ज्यात होता तो अँप्लिफायर त्याने दाबला आणि हलका माझ्या गळ्यात मारला. कुंपणानेच शेत खाल्लं, असंही म्हटलं.

त्याने पेचकस उचलला, परत ठेवला. मग म्हणाला, "ठेवून घेतला, ते चुकलं. पण आवाज त्यात नाहीये, भाऊजी. दोन्ही सारखेच वाजतात."

"सारखे असते तर तू ठेवला नसतास."

तो म्हणाला की तुमच्याच घरी, तुमच्याच स्पीकरवर तपासू. फरक ओळखलात तर जुना तुमचा, आणि पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, तपासणी माझ्या पद्धतीने होईल.

रविवारी सकाळी तो स्कूटरवर अँप्लिफायर घेऊन आला. सोबत एक छोटी पेटी, जिच्यावरचं बटण दाबलं की स्पीकर एका अँप्लिफायरवरून दुसऱ्यावर जातात. मी पेटी उघडायला लावली. आत नुसत्या तारा आणि एक बटण, दुसरं काही नव्हतं. दोन्ही अँप्लिफायरवर चादर टाकली. बटण लेकीच्या हातात. दर वेळी कुठला लावायचा ते तिने नाणं उडवून आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं. तिला ती सवय आहे, नमुन्यांवर नाव नाही, आकडा असतो. तिला मी दोन्ही स्पीकरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसवलं. मेव्हण्याला स्वयंपाकघरात पाठवलं. तो म्हणाला, मी खोकलो तर खूण समजाल का? मी म्हटलं, समजेन, म्हणून दारही लाव.

दोन्ही बटणं आपापल्या लाल ठिपक्यावर होती. चौथा धडा. मी आठ वेळा ऐकलं आणि आठही वेळा बरोबर सांगितलं. चौथ्या-पाचव्या वेळेला तर ती 'धडा' म्हणायच्या आत सांगितलं. जुन्यावर ग्लास टेकतो, नव्यावर नाही. लेकीने कागद दाखवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, मामाची ती लाडकी.

मी स्वयंपाकघराचं दार उघडून कागद मेव्हण्यापुढे धरला. त्याने कागद बघितलाच नाही. तो थेट चादरीकडे गेला, ती वर केली, आणि नव्या अँप्लिफायरवरचा माझा ठिपका बघत उभा राहिला.

"हा कोणी दिला?"

"मी. जिथे तिने दिला होता तिथेच."

त्याने कपाळावर हात मारला नाही की काही नाही. पिशवीतून मीटर काढला. मी म्हटलं, तुझा मीटर चालणार नाही. खाली राहणाऱ्या वायरमनकडून त्याचा आणला. मेव्हण्याने एकसारखा सूर वाजणारी एक सीडी लावली, मीटरच्या दोन सुया स्पीकरच्या तारांना लावल्या आणि मला आकडा वाचायला सांगितला. जुना त्याच्या ठिपक्यावर दोन व्होल्ट देत होता. नवा माझ्या ठिपक्यावर दीड, म्हणजे तेवढा हळू वाजत होता.

मी तो आकडा पुन्हा वाचला. सुया काढून परत लावल्या.

वाचणाऱ्याला कदाचित एवढ्यात काही वाटणार नाही. मला वाटलं. दोन काट्यांचे दांडे एकाच जागी उभे आहेत म्हणून पारड्यात सारखं वजन आहे, असं कोणी नवशिका म्हणाला असता तर मी त्याला दिवसभर उन्हात उभा केला असता. आधी दोन्हीत एकच वजन घाला, मग काटा बघा, हा पहिल्या दिवशीचा धडा. मी ठिपक्यावर ठिपका ठेवला आणि वजन बघितलंच नाही. एका हातात किलो आणि एका हातात पाऊण किलो धरून, दुसरा काटा खोटा आहे म्हणून सहा महिने माणसाकडे डोळे वटारले.

तरी मी हार मानली नाही. मेव्हण्याने नव्याचं बटण हळूहळू पुढे नेलं, मीटरवर दोन्हीकडे दोन येईपर्यंत. मी ते स्वतः वाचलं. चादर पुन्हा टाकली, लेकीने पुन्हा नाणी उडवली, मेव्हणा पुन्हा स्वयंपाकघरात. या वेळी सोळा वेळा.

सोळाच्या सोळा वेळा ग्लास टेकला. सोळाच्या सोळा वेळा ती समोरच्या खुर्चीत होती. मी डोळे मिटले, उघडले, मान वाकडी केली, एकदा उठून उजव्या स्पीकरला कान लावला. एक जरा मऊ आहे असं वाटायचं, आणि पुढच्या वेळी तोच की दुसरा ते सांगता यायचं नाही. सात बरोबर, नऊ चूक. नाण्यालाच विचारलं असतं तर एखादं जास्त आलं असतं.

मेव्हणा बाहेर आला, कागद बघितला आणि तारा काढायला लागला. जिंकल्यासारखं काही बोलला नाही. मला तेच खुपलं. माझा संशय एका बाजूने संपला की दुसऱ्या बाजूने उभा राहतो.

"दोन्ही सारखे," मी म्हटलं. "तू दुकानात शंभर अँप्लिफायर बघतोस. मग खोटं बोलून हाच का ठेवलास?"

तो खाली बसून तार गुंडाळत होता. "खोटं नव्हतं तेव्हा. जळालाच होता, ट्रान्सफॉर्मर काढून भंगारात टाकला. खोकं राहिलं होतं. दोन महिन्यांनी दुसऱ्या एकाचा ट्रान्सफॉर्मर बसला आणि चालू झाला. तुम्हाला द्यायलाच निघालो होतो." त्याने ठिपक्याकडे मान केली. "हा ताईने दिलेला. ताईचं माझ्याकडे काहीच नाही, भाऊजी. तुमचं घर भरलंय."

"मागायचं होतंस."

तो तार गुंडाळत राहिला. बोलली ती लेक. "मागितलं होतं, बाबा. पहिल्याच महिन्यात. एक सीडी द्या म्हणाला होता मामा, तुम्ही 'बघू' म्हणालात."

ते खरं होतं. आणि 'बघू' का म्हणालो तेही मला आठवलं. वाटलं होतं, हा हरवेल, नाहीतर कोणाला तरी वाजवायला देईल. दुकानात तो त्या अँप्लिफायरवर रोज काय लावत होता, हे मी त्याला विचारलं. म्हणाला, काही नाही, बातम्या. ताईचं त्याच्याकडे काही नव्हतंच, तर लावणार काय?

मी कपाटातून सीडी काढल्या. चौथी देववेना. दुसरी दिली, नद्यांची. त्यात तिला दोनदा ठसका लागतो, ते त्याला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर त्याला यंत्राचा बिघाड वाटायचा. अँप्लिफायर तोच घेऊन गेला. स्कूटरवर पुढे पायांत ठेवला आणि ठिपक्याची बाजू आपल्याकडे केली.

सगळेच अँप्लिफायर सारखे वाजतात असं त्याचं मत आहे. मी तेवढं म्हणणार नाही. मी दोनच तपासले आहेत.

ती दोघं गेल्यावर मी नव्यावरचा माझा ठिपका नखाने खरवडून काढला. बरोबर जागी नवा द्यायचा होता, पण बाटली पार वाळून गेली होती, थिनर घालूनही सुटली नाही. दुसरी बाटली आणावीशी वाटली नाही. वायरमनचा मीटर परत केला. तो म्हणाला, बरोबर दाखवतो ना? मी म्हटलं, माझ्यापेक्षा बरोबर.

आता ठिपका नाही. चौथा धडा लावतो आणि बटण अगदी सावकाश पुढे नेतो. पहिल्या वेळी ग्लास निसटतो. मागे नेऊन पुन्हा लावतो, थोडं आणखी पुढे. ग्लास टेकला की हात काढून घेतो, आणि समोरच्या खुर्चीवर काही ठेवलेलं असेल तर ते उचलतो.