गच्चीवरची खरबुजं

बस चालवणं सुटल्यापासून सासऱ्यांच्या हातांना चैन नव्हती. सून घरच्या घरी जॅम करून विकायची. यंदा फळंही आपलीच असावीत, म्हणून तिने गच्चीवर पिंपांत खरबुजाच्या वेली लावल्या होत्या. ती माहेरी गेली आणि सासऱ्यांनी पाहिलं, की बिचारी फळं पानांखाली दडून बसली आहेत. उन्हाशिवाय गोडी कशी यायची? त्यांनी कात्री घेतली आणि बहुतेक सगळी पानं उतरवली.

सून परतली आणि गच्चीवर जाऊन पाहते, तर वेली बोडक्या!

"बाबा, हे काय केलंत?"

"अगं, फळांना ऊन मिळावं म्हणून..."

"ऊन पानांना लागतं, बाबा! मुळांनी ओढलेलं पाणी आणि हवा घेऊन पानंच उन्हात साखर बनवतात. मग ती देठातून फळात उतरते. डब्यातली साखरसुद्धा उसाच्या पानांनीच केलेली असते."

सासऱ्यांनी कपाळावर हात मारला. "म्हणजे मी स्वयंपाकघरच पाडलं म्हण की!"

रागातही तिला हसू फुटलं. पण त्या दिवशी सासऱ्यांना घास गोड लागला नाही.

सकाळी तिनेच त्यांना वर नेलं. "शेंडे जिवंत आहेत, नवी पानं येतील. तोवर खाणारी तोंडं कमी करायची. वेलीला एकच फळ ठेवा."

कोवळी फळं खुडताना म्हाताऱ्याचा जीव तीळतीळ तुटला. त्यानंतर मात्र त्यांनी गच्चीवर ठाणच मांडलं. पाणी घालणं, किडी वेचणं, सगळं त्यांच्याकडे. एकदा सून चादर वाळत घालायला गेली, तर ते ओरडले, "तिकडे नको, पानांवर सावली पडते!"

हळूहळू वेली पुन्हा हिरव्यागार झाल्या. पहिलं फळ कापलं, ते काकडीसारखं पाणचट निघालं. सासऱ्यांचा चेहरा पडला. सून म्हणाली, "घाई झाली आपली. बाकीची राहू द्या."

मग एका दुपारी गच्चीचं दार उघडताच घमघमाट आला. सुनेने फोड कापून आधी त्यांच्या हातावर ठेवली. रस मनगटावर ओघळला. सासऱ्यांनी लगेच दुसऱ्या फोडीसाठी हात पुढे केला.

फळं थोडीच होती, पण जॅमला साखर नेहमीपेक्षा कमी लागली. सुनेने पळी त्यांच्याकडे दिली. "ढवळत राहा, खाली लागू देऊ नका."

मुलगा कामावरून आला तेव्हा वडील घामाघूम होऊन शेगडीपाशी उभे होते. "बाबा, द्या इकडे, मी ढवळतो."

"हात धुऊन ये आणि बस," ते म्हणाले. "इथे गर्दी नको."